सातव्या प्रश्नाचं शून्य

"आज्जी, आजोबांचं नाव काय?" नातीनं विचारलं, आणि मी गप्प बसले.

नाव माहीत होतं. ज्या माणसाला पंचेचाळीस वर्षं जेवायला हाक मारली, त्याचं नाव कुठं जातंय? पण समोर ही पोर बसलेली, मांडीवर लॅपटॉप, हातात पेन, तोंडावर मोठ्या डॉक्टरीणबाईंचा आव. ते बघून मला खोडी काढायची लहर आली. मी पंख्याकडं बघितलं. मग खिडकीतून उणकलच्या तळ्याकडं बघितलं, जसं काही ह्यांचे कपडे काठावर आहेत आणि हे आत पोहतायत. हे जाऊन सहा वर्षं झाली, आणि पोहायला त्यांना कधीच येत नव्हतं.

"आज्जी?" तिचा आवाज बारीक झाला. "आठवत नाही?"

मी मान हलवली, होय म्हणून की नाही म्हणून ते तिचं तिनं ठरवावं अशी. तिनं कागदावर प्रश्नापुढं काहीतरी लिहिलं. मी वाकून बघितलं. शून्य.

खोडी तिथंच संपली. कारण असंच एक शून्य, ह्याच प्रश्नाला, चाळीस वर्षांपूर्वी मी माझ्या सासूबाईंना दिलेलं आहे. आणि ते द्यायला मला ह्या पोरीसारखं वाईटही वाटलं नव्हतं.

नात बंगळूरला सिनेमा शिकते. दहा मिनिटांची फिल्म करायची होती, विषय विस्मरण. गोष्ट पक्की करायला ती पंधरा दिवस आमच्याकडे आली. आल्या आल्या फ्रीजच्या दारावर पिवळी कार्डं चिकटवली. एका कार्डावर एक प्रसंग. कार्डं वरखाली केली की गोष्ट बदलते म्हणे. मला ते आवडलं. आमच्या वेळी गोष्ट बदलायची तर माणसं बदलायला लागायची.

पहिल्या गोष्टीत एक म्हातारी खिडकीत बसते, मागं बासरी वाजते, आणि तिचा चष्मा फ्रीजमध्ये सापडतो.

"ह्यात विस्मरण कुठाय?" मी म्हटलं. "मी तिशीत वर्गाचा हजेरीपट ज्वारीच्या डब्यात ठेवला होता. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या करताना सापडला. माझ्यामागं कुणी बासरी वाजवली नाही."

"मग तू सांग ना खरं काहीतरी. पणजीला विसरायला व्हायचं ना? तू केवढी सेवा केलीस, सगळे सांगतात."

सगळे सांगतात हे खरं. आमच्या नात्यागोत्यात हुबळीपासून धारवाडपर्यंत मी 'सासूचं करणारी सून' म्हणून प्रसिद्ध आहे. लग्नकार्यात नव्या सुनांना माझ्या पाया पडायला आणतात. मी आशीर्वाद देते. एकदाही पाय मागं घेतले नाहीत.

तर विस्मरण तपासायची ती प्रश्नावली नात मोबाईलवरून उतरवून माझ्यावर करून बघत होती, फिल्ममध्ये तो प्रसंग कसा दिसेल म्हणून. शून्य लिहून ती रडवेली झाली तेव्हा मी ह्यांचं नाव आडनावासकट खणखणीत सांगितलं. तिनं मला उशी फेकून मारली.

"असं कुणी करतं? मला खरंच वाटलं!"

"वाटणारच. मलाही वाटलं होतं," मी म्हटलं, आणि मग सांगणं भाग पडलं.

आम्ही तेव्हा जुन्या हुबळीत राहायचो, भाड्याच्या चार खोल्यांत. सासूसासरे, आम्ही दोघं, मुलगा, आणि सणावाराला धारवाडहून येणारी नणंद. मी मराठी शाळेत मास्तरीण. त्या बाईचं वर्णन करायचं तर, काखेत छत्री, पर्समध्ये लाल पेन, आणि जगातला प्रत्येक माणूस पास किंवा नापास आहे अशी खात्री. नवऱ्याला चारचौघांत नावानं हाक मारायची आणि मग कोण कोण बघतंय ते बघायची. मला ती आज रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या बाजूनं जाईन.

सासूबाई अळणावरकडच्या खेड्यातल्या. मराठी बोलत, मधेच कन्नडात जात आणि परत येत, कुठल्या दारानं गेल्या ते त्यांनाही कळत नसे. साठी ओलांडल्यावर त्यांना विसरायला व्हायला लागलं, हे मात्र खरं. आमटीत मीठ दोनदा पडलं. भाजीला गेल्या आणि पिशवी तिथंच ठेवून आल्या. एक दिवस दूध उतू जाऊन गॅस विझला आणि खोलीभर वास सुटला. तेव्हा मास्तरीणबाईंनी ठरवलं की ह्या प्रकाराची नीट परीक्षा घ्यायची. कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. दर रविवारी, न्याहारी झाली की, दहा प्रश्न, दहा मार्क. वही घातली. तिला समासही आखला.

आज वार कुठला, महिना कुठला, सकाळी काय खाल्लं, असे प्रश्न. सातवा प्रश्न, "तुमच्या मालकांचं नाव सांगा."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "तुला माहीत नाही की काय गं?"

"मला माहीत आहे. तुम्ही सांगा."

"माहीत हाय तर मग कशाला विचारतीस?"

"आई, परीक्षा आहे ही."

त्या हसल्या आणि शेंगा सोलत बसल्या. बाहेरच्या खोलीत सासरे पेपर वाचत होते. ते खाकरले. मी वहीत लिहिलं: 'टाळाटाळ. शून्य.'

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी त्या जरा चिडल्याच. "रोज त्यांना चहा देतीस की तू हातात!" एवढंच म्हणाल्या. परत शून्य.

बाकी प्रश्नांत त्या सहा-सात मार्क काढत. पण सातवा प्रश्न मी सक्तीचा मानला. ह्यांना वही दाखवून म्हटलं, "जिला नवऱ्याचं नाव आठवत नाही, तिला गॅस बंद करायचं काय आठवणार?" ह्यांनी वही उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाले, "बघ बाई, तुला योग्य वाटेल तसं." मी ह्याचीच वाट बघत होते. त्या दिवसापासून सासूबाईंना स्वैंपाकघर बंद. लायटर मी कपाटात वर ठेवायला लागले.

नात टाइप करता करता थांबली. "पण त्यांना नाव आठवत होतं?"

"चैत्रात कळलं."

चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, आमच्याच घरी. शेजारची कन्नड बाई आली होती, आळीतल्या दहाबारा जणी होत्या. डाळ आणि पन्हं झालं आणि उखाण्यांवरून गाडी सासूबाईंकडं वळली. मी आधीच पुढं होऊन म्हटलं, "त्यांना आग्रह करू नका, त्यांना आठवत नाही." अगदी मऊ आवाजात. बायकांनी च्च् केलं.

सासूबाईंनी हातातला पेला खाली ठेवला, पदर नीट केला आणि बसल्या जागी म्हणाल्या,

"चुलीवर तवा, तव्यावर भाकरी,
अमुकरावांच्या घरात मीच मालकीण, मीच करते चाकरी."

अमुक मी लिहिलंय. त्यांनी पुरं नाव घेतलं, ठणठणीत. मी नवऱ्याचं नाव गावभर घेतलं, पण सासऱ्यांचं लिहायला अजून हात उचलत नाही. बघा म्हणजे.

शेजारीण टाळी वाजवून ओरडली, "यव्वा! नेनप ऐतल्ला!" आठवतंय की गं ह्यांना! बाहेरच्या खोलीत सासरे परत खाकरले.

ही रीत मला माहीत नव्हती असं नाही. माझी आईसुद्धा वडिलांना 'हे' म्हणायची. पण परीक्षा म्हटल्यावर रीत कसली, उत्तर द्यायचं, असं मास्तरीणबाईंचं मत. जी बाई चाळीस वर्षं नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यातच घेत आली, ती रविवारी सकाळी शेंगा सोलता सोलता, तेही तो पलीकडं बसलेला असताना, सुनेला नाव सांगेल कशी?

"आज्जी, हीच गोष्ट!" नात उभीच राहिली. बासरीचं कार्ड फाडलं, चष्म्याचं फाडलं. संध्याकाळपर्यंत फ्रीजवर नवी कार्डं लागली. वही. सातवा प्रश्न. लायटर कपाटात. हळदीकुंकू. उखाणा. आणि शेवटच्या कार्डावर: 'सुनेच्या डोळ्यांत पाणी. ती लायटर सासूच्या हातात देते. दोघी मिळून भाकऱ्या करतात.'

मी ते वाचलं. मी म्हणाले, "छान आहे."

दोन दिवस तसंच म्हणत राहिले. फ्रीज उघडताना ते कार्ड नेमकं डोळ्यासमोर यायचं. ताक काढायला गेले तरी यायचं. तिसऱ्या दिवशी धारवाडहून नणंदेचा फोन आला. ती आता सत्तरीला टेकलीय. नातीनं तिला सगळं सांगून टाकलेलं.

"वहिनी," ती म्हणाली, "तू आईला लायटर परत दिलास ते मला माहीतच नव्हतं गं. किती केलंस तू तिचं. फिल्म झाली की मला आधी दाखवायची हं. मी आमच्या भिशीतल्या सगळ्यांना घेऊन येते."

फोन ठेवला आणि मी फ्रीजपुढं जाऊन उभी राहिले. ते कार्ड काढलं.

"ए आज्जी, काय करतीस?"

"हे घडलं नाही," मी म्हटलं. "मी लायटर दिला नाही."

नातीला वाटलं मी गंमतच करते. एकदा खोडी काढली की हाच ताप. म्हणून मी खुर्ची ओढून बसले आणि सरळ सांगितलं. हळदीकुंकवाच्या बायका गेल्या, मी वाट्या घासल्या, आणि घासता घासता मला सगळं लख्ख समजलं होतं. सासूबाई नापास नव्हत्या. मी प्रश्न चुकीचा विचारला होता. हे मी ह्यांना सांगितलं असतं तर लायटर त्याच रात्री खाली आला असता. मी सांगितलं नाही. वही बंबात घातली, आणि लायटर वरच राहू दिला.

"का पण?"

"कारण स्वैंपाकघर मला हवं होतं."

लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती. आमटीत गूळ किती, कुणाला आधी वाढायचं, भाकरी केवढी थापायची, सगळं त्यांचं. शाळेत मी पंचेचाळीस पोरांना गप्प बसवायची आणि घरी येऊन मीठ घालू का म्हणून विचारायची. त्यांना स्वैंपाकघर बंद झाल्यापासून पहिल्यांदा डबे माझे होते. मी जागा बदलल्या, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावली. सगळ्यांना सांगितलं, आईंना सोपं जावं म्हणून. चिठ्ठ्या मराठीत. सासूबाई तीन इयत्ता कन्नड शाळेत गेलेल्या. त्यांना मराठी अक्षर येत नव्हतं. एकदोनदा त्या डाळीसाठी पोह्याचा डबा काढताना दिसल्या, तेव्हा मी ह्यांच्याकडं नुसतं बघितलं. काही म्हटलं नाही, नुसतं बघितलं.

"त्या पुढं दोन-तीन वर्षांनी खरंच फार विसरायला लागल्या," मी म्हटलं. "तेव्हा मी सगळं केलं. न्हाऊमाखू घातलं, भरवलं. ते खोटं नाही. पण ती मधली दोन-तीन वर्षं त्यांची होती. ती मी घेतली."

"मग त्या काय करायच्या?"

"स्वैंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. रोज. कडेला टेकून. मी म्हणायची, 'बसा तुम्ही, मी आहे ना.' आल्यागेल्याला ते ऐकून भरून यायचं. सून असावी तर अशी."

नात पिवळं कार्ड हातात फिरवत म्हणाली, "हे घेऊ मी फिल्ममध्ये?"

आता इथं खरी गोम होती. फिल्म कॉलेजात दाखवली असती तर कोण ओळखतंय? पण नणंद बघणार होती. तिची आई होती ती. चाळीस वर्षं ती माझ्या हातचं जेवून 'वहिनी, तू होतीस म्हणून' म्हणत आलीय. मी नातीला म्हटलं असतं, नको घेऊस, तर तिनं ऐकलं असतं. गुणी आहे. ते खोटं कार्ड दिसायलाही चांगलं होतं, दोघी भाकऱ्या करतायत, वाफा बिफा.

"आधी फोन लाव धारवाडला," मी म्हटलं. "पडद्यावर बघून कळायला नको तिला."

नातीनं फोन लावून स्पीकरवर टाकला. मी नणंदेला सांगितलं. वही, शून्य, उखाणा, आणि नंतरचं गप्प बसणं. मधे थांबले नाही. थांबले असते तर काहीतरी विनोद केला असता.

पलीकडं कुकरच्या दोन शिट्ट्या ऐकू आल्या. मग नणंद म्हणाली, "थांब, गॅस बारीक करून येते." आली. म्हणाली, "वहीचं मला ठाऊक होतं."

"कुणी सांगितलं?"

"आईनं. मी त्या चैत्राच्या आधीच्या दिवाळीला आले तेव्हा मला मागच्या अंगणात नेलं आणि हळूच म्हणाली, 'तुझ्या वहिनीला काय तरी झालंय गं. दर रविवारी येऊन विचारती, आज वार कुठला, महिना कुठला. परवा तर सासऱ्याचं नाव विचारलं! रोज चहा देती त्यांना, आणि नाव आठवत नाही तिला. एवढी शिकलेली पोर. कुणाला बोलू नको, शाळेतनं काढतील तिला.'"

नातीनं तोंडावर हात दाबला. मला हसावं की काय करावं कळेना.

"आणि म्हणाली," नणंद पुढं सांगत होती, "'सगळं लिहून ठेवती बिचारी वहीत. डब्यांवर पण चिठ्ठ्या लावल्यात, विसरती म्हणून. स्वैंपाक तीच करते म्हणती, करू दे, तेवढाच जीव रमतो. मी दारात उभी राहून लक्ष ठेवते, गॅस बंद केलाय की नाही ते.'"

ते मला आठवलं. रोज दारातून विचारायच्या, "गॅस बंद केलास काय गं?" मला वाटायचं, विसरतात म्हणून तेच तेच विचारतात. किंवा स्वैंपाकघर गेल्याचा राग काढतात. मी न वळता म्हणायची, बसा तुम्ही.

"तू तेव्हा मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"काय सांगू? मला वाटलं आईलाच भ्रम होतोय. मी तुझ्याच बाजूची होते की गं." ती थांबली. आता तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "पण वहिनी, उखाण्यानंतर तरी द्यायला हवा होतास लायटर. गरगट्टा करायची ती, पालेभाजीचा. मी माहेरी आले की मागायची, आणि ती म्हणायची, आता वहिनीला सांग. मला वाटायचं ती विसरली कसा करायचा."

"नव्हती विसरली," मी म्हटलं.

"नव्हती ना," नणंद म्हणाली. "ते मला आज कळतंय."

नातीनं वाकून फोनला विचारलं, "आत्या आज्जी, मी हे असंच दाखवलं तर चालेल?"

"दाखव. पण आईला वेडी दाखवू नकोस. आणि वहिनीला देवी दाखवू नकोस. तुझी आज्जी येईल ना बघायला? माझ्या शेजारी बस म्हणावं तिला." मग मला म्हणाली, "ऐकतीयस ना? बुधवारी येऊन जा. पालक आणते. गरगट्टा तू कर, माझ्याच्यानं आईसारखा होत नाही."

"माझ्याच्यानं तरी कुठं होतो?"

"मग दोघी मिळून बिघडवू," म्हणाली आणि फोन ठेवला.

नातीनं सगळी कार्डं उतरवली. मधली तशीच ठेवली, शेवटची दोन नव्यानं लिहिली. मी चष्मा लावून वाचली. एकावर होतं: 'मागचं अंगण. सासू मुलीला सांगते, सुनेला काय तरी झालंय.' दुसऱ्यावर: 'स्वैंपाकघर. सून पाठमोरी. सासू दारात. "गॅस बंद केलास काय गं?" सून न वळता: "बसा तुम्ही."'

"ह्यानंतर?" मी विचारलं.

"ह्यानंतर काही नाही. सासू बसत नाही. उभीच राहते. संपलं."

"आणि पाणी? सुनेच्या डोळ्यांतलं?"

"तुझ्या आलं होतं?"

"नाही."

"मग नाही."

ती कार्डं चिकटवत बसली. मी उठून स्वैंपाकघरात जाऊन आले. गॅस बंदच होता.